इटारशीचं कार्ड

गुरुजी, आज सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर परीट पक्षी आला. पाण्याची टाकी भरून वाहिली होती, त्या ओलीच्या कडेकडेने तो शेपूट खालीवर हलवत धावत होता. मी कपडे वाळत घालायचं सोडून उभी राहिले. आत येऊन वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली. ही सवय तुमचीच. मग चहा घेताना वर्तमानपत्र उघडलं, तर आतल्या पानावर देशाचा नकाशा. यंदाचा हिवाळा कुठे कसा जाईल याचा अंदाज. उत्तरेवर आडव्या रेघा, मध्य भारतावर ठिपके, आणि दख्खन कोरी. खाली बारीक अक्षरांत, पुरेशी माहिती हाती नसल्याने या भागाबद्दल आत्ताच सांगता येत नाही, असं लिहिलेलं. ती ओळ मी तीनदा वाचली आणि चहा निवून गेला. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही होता तेव्हा ती सांगायला मला सात वर्षं मिळाली होती.

मी आता आकुर्डीला राहते, इथल्याच हायस्कुलात भूगोल शिकवते. सकाळच्या शिफ्टचा भोंगा झाला की आमच्या रस्त्यावरून सायकली आणि स्कुटरींची रांग लागते. वर्गातली मुलं मला विचारतात, बाई, तुमच्या चाकणला पूर्वी काय होतं? मी सांगते, कांदा होता, बटाटा होता, बाजार होता. फळा होता हे सांगत नाही. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, बाजाराकडे तोंड करून टांगलेला तुमचा तो काळा फळा. कोजागिरीनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी तुम्ही स्टुलावर चढून त्यावर अख्ख्या देशाचा हिवाळा लिहायचात. पंजाब-दिल्ली. गंगेचा काठ. माळवा. वऱ्हाड-नागपूर. आपला देश, म्हणजे घाटावरचा मुलूख. कर्नाटक-मद्रास. प्रत्येकापुढे एक ओळ: थंडी केव्हा, किती, धुकं पडेल का, माघात पाऊस आहे का. डोक्यावरची पाटी खाली ठेवून बायका थांबायच्या, आणि वाचता येणारा एखादा माणूस मोठ्याने वाचून दाखवायचा. उत्तरेत बटाटा गारठला तर आपल्या बटाट्याला गिऱ्हाईक, हे सगळ्यांना कळत होतं. पण खरे कान लागलेले असायचे ते पाचव्या ओळीकडे. कांद्याची लावणी लवकर केली आणि रोप अंगाने भरलेलं असताना कडाका पडला, तर कांदा पोसायच्या ऐवजी फुलाचा दांडा वर येतो. डेंगळे. डेंगळे आलेला कांदा टिकत नाही. म्हणून लावायचं की थांबायचं, हे फळा सांगायचा.

तुमची रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. गावातली जी जी माणसं पलटणीत, रेल्वेत, गिरणीत म्हणून देशभर पांगली होती, त्यांना तुम्ही भाद्रपदात जोडकार्ड पाठवायचात. एका कार्डावर तुमचे पाच प्रश्न, दुसरं त्यांच्या उत्तरासाठी कोरं, पत्ता घालून तयार. पाऊस शेवटचा कधी पडला? गवतावर दव कधी दिसलं? सकाळचा वारा कुठला? परीट कधी उतरला? लोकांनी रजया कधी काढल्या? फिरोजपूर, कानपूर, झाशी, इटारशी, नागपूर, बेळगाव. कार्डं यायची ती मी पोस्टातून घेऊन यायची, कारण पोस्ट माझ्या वाटेवर होतं, आणि ती वहीत उतरवायचीही मीच, कारण तुमच्या मते माझं अक्षर गावातल्या कुठल्याही मुलापेक्षा सरळ होतं. शाळा सुटल्यावर तुमच्या खोलीत बसून मी लिहायची. तुम्ही शेगडीवर गुळाचा चहा ठेवायचात आणि आधण येईपर्यंत विचारायचात, "झाशी काय म्हणते?" जणू झाशी तुमची धाकटी बहीण.

आणि शाळेच्या ओसरीवरचा तो तापमापक. पुण्याच्या जुन्या बाजारातून तुम्ही आणलेला, फॅरनहाइटच्या आकड्यांचा. सकाळी सहाला त्याचा आकडा वाचून लिहायचं काम माझं होतं. एका सकाळी अंथरुणातून उठवेना, म्हणून मी आदल्या दिवशीचा आकडा एकाने कमी करून लिहून टाकला. तुम्ही वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि मला घेऊन ओसरीवर आलात. काचेवर कोळ्याने जाळं विणलं होतं, आकड्यावरून आडवं, अखंड. तुम्ही हात उगारला नाहीत. एवढंच म्हणालात, "दिसतो तो आकडा लिहायचा, मुली. हवा तो नाही. हव्या त्या आकड्यांना तापमापक कशाला पाहिजे?" मग ते जाळं पुसायलाही तुम्ही मला लावलं नाहीत, स्वतः पुसलंत. त्याची मला जास्त लाज वाटली.

मी सातवीत होते त्या वर्षाचं सांगते. पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता, माझ्या मावशीचे यजमान तिथे लागले होते, आणि मावशीने चिंचवडला बिऱ्हाड केलं होतं. तिने निरोप धाडला होता की पोरगी सातवी पास झाली तर माझ्याकडे ठेवा, हायस्कूल हाकेच्या अंतरावर आहे. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, मनात ते नव्हतं. एक स्थळ सांगून आलं होतं, माणसं बरी होती. त्या कोजागिरीनंतर तुम्ही फळा लिहिलात. पाचवी ओळ अशी होती: देश, मार्गशीर्ष उबदार, पौषात कडाका, लावणीची घाई नको. आणि अगदी खाली, जिथे तुम्ही उत्तर पाठवणाऱ्यांची नावं आभारासाठी लिहायचात, तिथे नावांनंतर लिहिलंत: इटारशी बाकी.

कांद्याचे एक आडते पान चघळत उभे होते. त्यांनी धोतराचा सोगा झटकला. "गुरुजी, इटारशी बाकी म्हंजी फळा कच्चाच की! तुमची थंडी फाट्यावर उभी हाय का काय गाडी चुकून?"

लोक हसले. तुम्हीही हसलात. "खरं आहे. इटारशी माझा दरवाजा आहे. दिवाळीच्या आसपास तिथे परीट उतरला, तर कडाका इकडे येणार म्हणजे येणार. नाही उतरला, तर त्या साली थंडी नर्मदा ओलांडत नाही. बाकीची सगळी कार्डं कडाका येणार म्हणतात. पण इटारशीने नाही म्हटलं, तर त्रिपुरी पौर्णिमेच्या आत मी ही ओळ सगळ्यांसमोर पुसेन."

आबा पुढे झाले. त्यांच्या वाफ्यात रोप वीतभर झालं होतं. "मी थांबतो, गुरुजी. बाकीची लावत्यात तर लावू द्या. पर आता चार माणसांत सांगतो. फळा खरा ठरला, तर पोरगी चिंचवडला जाईल. अन् पुसायची पाळी आली, न्हाईतर पौष गरम गेला, तर मग तिच्या साळंचं नाव माझ्याफुडं कुनी काढायचं न्हाई. तुमी बी न्हाई."

"आबा, पोरीची शाळा आणि थंडी यांचा काय संबंध?" तुम्ही म्हणालात.

"तुमच्या शब्दावर मी रान मोकळं ठेवतोय. संबंध हाय."

मी पाटी ठेवलेल्या बायकांच्या मागे उभी होते. माझं वय तेराचं. मला वाटलं, फळ्यावर माझंच नाव लिहिलंय आणि ओला फडका तुमच्या हातात आहे.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. पोस्टमन टपाल लावत होता, त्याने वर न बघताच कार्ड माझ्या हातात दिलं. "घे, तुज्या गुरुजींची इटारशी." मी ते पोस्टाच्या पायरीवरच वाचलं. इटारशीला आपल्या गावचा एक सांधेवाला होता, गाड्यांचे रूळ बदलणारा. त्याचं अक्षर मोठं, दाबून लिहिलेलं. पाऊस दसऱ्यापर्यंत. दव नाही. वारा पूर्वेचा. रजया बांधलेल्याच. आणि चौथ्या प्रश्नापुढे: परीट अद्याप दिसला नाही, रोज बघतो.

पोस्टापासून शाळेपर्यंत किती पावलं होती ते मी तेव्हा मोजलं नव्हतं, पण ती वाट मी अजून चालते आहे. कार्ड माझ्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. मी दारात येते. तुम्ही खुर्चीवर बसून कुणाचा तरी कित्ता तपासता आहात. तुम्ही विचारता, "इटारशी?" आणि मी म्हणते, "न्हाई आलं, गुरुजी." एरवी तुमच्यासमोर मी 'नाही' म्हणायची, तुम्ही तसं शिकवलं होतं. त्या दिवशी घरचा शब्द तोंडातून आला. तुम्ही मान वर केलीत. मला वाटलं, कळलं. तुम्ही म्हणालात, "नाही," आणि पुन्हा कित्त्यात मान घातलीत. शब्द तेवढा सुधारलात.

त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तुम्ही रोज विचारलंत. मी रोज सांगितलं. दुसरं कार्ड पाठवू या का, असं मी एकदा विचारलं, का विचारलं कोण जाणे, बहुधा तुम्ही नको म्हणाल हे ठाऊक होतं म्हणून. तुम्ही म्हणालात, "एकदाच विचारायचं. पुन्हा पुन्हा विचारलं की माणूस आपल्याला हवं ते लिहून पाठवतो." पौर्णिमेला देवळात त्रिपूर लागला आणि फळा तसाच राहिला.

मग सुरू झाला तो मार्गशीर्ष. ज्यांनी लवकर लावला होता त्यांचे वाफे हिरवेगार झाले, येता-जाता लोक थांबून बघायचे. आमचं रान मोकळं. वाफ्यातलं रोप पिवळं पडू लागलं होतं. आई रोज संध्याकाळी तिथे जाऊन वाकून बघायची आणि घरात येऊन चूल पेटवायची. एके दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "रोप म्हातारं व्हायला लागलंय. ह्या मास्तराच्या पायी चुलीत जाईल सगळं." आबा म्हणाले, "अजून पौष हाय." दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. मला एकटीलाच माहीत होतं की थंडी यायची नाही. ती नर्मदेच्या पलीकडे थांबली होती आणि तिचं पत्र माझ्या पुस्तकात, हिंदुस्थानच्या नकाशाच्या पानावर होतं.

तुमच्याकडे दोन दिवसांनी शिळं वर्तमानपत्र यायचं. मी ते फळ्याशी ताडून बघायची. सिमल्याला बर्फ पडलं, पंजाबची ओळ खरी. कानपूरकडे धुक्याने गाड्या रखडल्या, गंगेचा काठ खरा. थंडी नकाशावरून एकेक पायरी उतरत होती, आणि माळव्याशी येऊन गप्प झाली. आठवडा गेला, दुसरा गेला. मार्गशीर्षाच्या अखेरीला आबांनी शेवटी लावणी केली, कारण त्यापुढे रोप थांबलं नसतं. आडते बांधावरून ओरडले, "आबा, रजई काढून ठिवली व्हती, ती आता वाकळंखाली घाला, मऊ लागंल!" आबांनी मान वर केली नाही. पौष लागला. सहाला मी ओसरीवर उभी. अठ्ठावन्न. सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकदा चोपन्न झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्तावन्न. आबा शाळेपर्यंत यायचे, रस्त्यावरूनच विचारायचे, "किती?" मी सांगायची. ते परत जायचे. गुरुजी, त्या पंधरा-वीस सकाळी तेवढा पारा खाली लिहिणं किती सोपं होतं. आबांना काच वाचता येत नव्हती. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकून आत स्तोत्र म्हणत असायचात. मी दिसला तोच आकडा लिहिला. एक कार्ड लपवलेल्या मुलीने वहीत मात्र एक आकडा खोटा घातला नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. आता हसू येतं.

मग एका सकाळी कडी काढतानाच बोटं चिकटल्यासारखी झाली. ओसरीवर आले तर तुम्ही आधीच उभे, घोंगडी पांघरून, चष्मा पुसत. "तू वाच," म्हणालात. बेचाळीस. मी पुन्हा वाचलं. बेचाळीस. रस्त्यावर आबा आले होते, तोंडातून वाफ निघत होती. त्यांनी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. तो कडाका नऊ दिवस टिकला. माघात लोकांच्या त्या भरल्या वाफ्यांतून डेंगळे वर आले, हिरव्या काठ्यांवर पांढरे गोंडे, लांबून फार सुंदर दिसत. आमचा कांदा गोल पोसला. आबा तुमच्या खोलीत आले, उंबऱ्याशी बसले आणि म्हणाले, "कधी न्यायची चिंचवडला ते सांगा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी रडत होते. तुम्हाला वाटलं, आनंदाने.

इटारशी चुकली होती. किंवा तिथला परीट उशिरा आला, किंवा सांधेवाल्याला दिसला नाही. कार्ड तुमच्या हाती पडलं असतं तर तुम्ही सगळ्यांसमोर ती ओळ पुसली असतीत, आणि चुकला असतात. माझ्या लबाडीने तुम्हाला खरं ठरवलं. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि काही दिवस मी त्याच्यावर जगलेही.

चैत्रात गावची जत्रा. सांधेवाला रजेवर आला होता. नवा पटका बांधून तो फळ्यासमोर उभा राहिला. फळा तुम्ही अजून पुसला नव्हता. तळाची सगळी नावं त्याने बोट फिरवत वाचली. त्याचं नाव नव्हतं, होतं ते "इटारशी बाकी". तुम्ही शाळेतून बाहेर आलात. मी नारळाचं ताट घेऊन दहा पावलांवर होते. तो म्हणाला, "राम राम, गुरुजी." तुम्ही म्हणालात, "राम राम." तो थांबला. तुम्हीही थांबलात. त्याला वाटत होतं की तुम्ही काहीतरी म्हणाल, आणि तुम्हाला वाटत होतं की तो म्हणेल. एक वाक्य, कुणाचंही, आणि माझं चिंचवड संपलं असतं. मी ताटातले नारळ पुन्हा पुन्हा मोजत होते. मग त्याने पटका नीट केला आणि तो पाळण्यांकडे निघून गेला. तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "एवढी वर्षं न चुकता लिहायचा. काय झालं असेल त्याला?"

पुढच्या भाद्रपदात तुम्ही इटारशीला कार्ड घातलं नाहीत. ज्याने उत्तर दिलं नाही त्याला तसदी देऊ नये, असं म्हणालात म्हणे. मी तेव्हा चिंचवडला होते, मला हे आईने सांगितलं. शिवाय इटारशीवाचून अंदाज खरा ठरतो, हे तुम्ही एकदा पाहिलं होतं. त्या वर्षी तुम्ही लिहिलंत, थंडी उशिरा. ती दिवाळीतच आली. ऐकून थांबलेल्यांची रोपं वाफ्यातच आखडली. आडत्यांनी भर बाजारात तुमची गाडी, तुमचा फाटा, तुमचा दरवाजा, सगळं काढलं. कुणी काही मागितलं नाही, कुणी भांडलं नाही, नुसते हसले. तुम्ही बादली आणि फडका घेऊन आलात, फळा वरपासून खालपर्यंत पुसलात, आणि पुन्हा कधी लिहिला नाहीत. इटारशीचं कार्ड असतं तर हे टळलं असतं का? मला ठाऊक नाही. तुम्हालाही नसतं ठाऊक. पण तुम्ही विचारलं असतंत.

मी मॅट्रिक झाले तेव्हा पेढे घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही वाकला होता, शेगडीसमोर बसून हात शेकत होता. उठून तुम्ही तापमापक काढलात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलात आणि माझ्या ओंजळीत ठेवलात. "आता हा तुझा. तू एक आकडा कधी खोटा लिहिला नाहीस. एकदा सोडून," असं म्हणून हसलात. कोळ्याच्या जाळ्याबद्दल बोलत होता. मी ओठ उघडले होते, गुरुजी. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "चहा ठेवतो. गुळाचाच आहे, चालेल ना?" आणि मी म्हटलं, चालेल. दोन हिवाळ्यांनी तुम्ही गेलात.

कार्ड माझ्याजवळ आहे. शाई तपकिरी झाली आहे, पत्ता तुमचा, पोस्टाचे शिक्के दोन्ही ठिकाणचे. ते चाकणला पोचलं होतं, शेवटची काही पावलं तेवढी राहिली. हे पत्र मी घडी घालून त्याच्याशेजारी, त्याच नकाशाच्या पानावर ठेवणार आहे. मी तो दिवस कितीतरी वेळा मागे नेऊन पुन्हा चालून बघितला आहे. पोस्टाची पायरी उतरते, शाळेच्या दारात येते, तुम्ही मान वर करून विचारता, आणि दर वेळी मला वाटतं की या खेपेला हात पुस्तकाकडे जाईल. दिसतो तो आकडा लिहायचा, म्हणून लिहिते. हात जात नाही. आजही मी ते कार्ड तुम्हाला दिलं नसतं.